सरकारच्या कानाशी कोण लागते?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखाद्या अवघड विषयाची उकल करावी, ही रीत आपल्याकडे रुजली आहे. आजचा विषय अवघड आहे आणि थोडा रूक्षही आहे. हवामानबदलाविषयीची धोरणे सरकार ठरवत असते, त्या वेळी मोठ्या कंपन्या सरकारला काय सांगतात, कोणाच्या तोंडून सांगतात आणि त्यातले आपल्या कानावर किती येते, असा हा विषय आहे. इंग्रजीतून आलेला ‘लॉबिंग’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आपल्या भाषेत त्यासाठी जुनाच शब्द आहे: रदबदली. बोलीत म्हणायचे तर कानाशी लागणे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. रदबदली करणे हे पाप नव्हे. मी कामगार चळवळीतला माणूस आहे. मोर्चा नेणे, मंत्र्याला निवेदन देणे, आमदाराला गाठून विधानसभेत प्रश्न विचारायला लावणे, हेच आयुष्यभर केले. तीही रदबदलीच. पण आमचे निवेदन आधी कारखान्याच्या गेटवर मोठ्याने वाचले जाते. त्यातला एखादा आकडा चुकीचा असेल, तर व्यवस्थापन दुसऱ्या दिवशी तो खोडून काढते. कंपनीचे निवेदन मात्र पुष्कळदा मंत्रालयाच्या फायलीतच राहते, आणि ते खोडून काढण्याची संधी कोणालाच मिळत नाही. आजचा सगळा प्रश्न या फरकाचा आहे.

दूरची उदाहरणे देण्यापूर्वी आपल्या अंगणातले देतो. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांच्या काठाने आपण सगळे फिरलो आहोत. या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांच्या कंपनीने १९१५ साली वीज निर्माण केली, आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी विजेवर चालू लागल्या. आजच्या भाषेत ही ‘स्वच्छ ऊर्जा’. त्याबद्दल त्या पिढीतील इंजिनियरांचे आणि धरणावर राबलेल्या मजुरांचे ऋण मानलेच पाहिजे. पण याच योजनेचे पुढचे पाऊल शेजारच्या मुळशी पेट्यात पडले, तेव्हा काय घडले? १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यावी, अशी सोय होती. कंपनीचे आणि सरकारचे बोलणे आधी झाले. शेतकऱ्यांना ते कळले, तेव्हा पुष्कळशा गोष्टी ठरून गेल्या होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळे त्यात तुरुंगात गेले. तरी धरण झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

या इतिहासातून कोणी धरणे वाईट असा धडा काढील, कोणी आंदोलने व्यर्थ असा काढील. मी वेगळा धडा काढतो. काम चांगले आहे म्हणून ते ठरवण्याची बंद दाराआडची रीत चांगली ठरत नाही. खासगी प्रकल्पासाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, हे तत्त्व कायद्यात यायला २०१३ साल उजाडावे लागले. सत्याग्रहानंतर ९२ वर्षांनी.

आता हवामानाकडे वळू. हवामानाचे धोरण म्हटले की लोकांना ढग आणि पाऊस आठवतो. प्रत्यक्षात ते कोळशाचे, पेट्रोलचे, सिमेंटचे, पोलादाचे आणि वीजदराचे धोरण असते. हवा एक अंश तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. मग पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या घाटाखाली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरड कोसळण्याला डोंगराचा उतार, माती, झाडी अशी अनेक कारणे असतात. सगळा दोष हवामानबदलाच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाला वाढत्या पावसाचा प्रश्न परका नाही, एवढे निश्चित. म्हणूनच धूर कमी करण्याचा एखादा नियम कोणाच्या सांगण्यावरून सैल झाला, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे.

असा नियम कसा सैल होतो, त्याचे एक उदाहरण पाहा. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरील वीजकेंद्रांसाठी गंधकाचा धूर, पारा आणि पाण्याचा वापर यांच्या मर्यादा ठरवल्या. जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत होती. ती २०१७ त संपली, तेव्हा २०२२ पर्यंत वाढली. २०२१ त केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडून मुदती पुन्हा बदलल्या. २०२२ त त्या पुढे गेल्या, २०२४ च्या अखेरीस आणखी पुढे गेल्या. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ‘क’ वर्गातील केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतून बहुतांशी मोकळे केले, आणि देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रे याच वर्गात मोडतात.

याला कारणे दिली गेली. यंत्रे महाग आहेत, वीजदर वाढेल, आपल्या कोळशात गंधक कमी आहे, धूर शोषणारी यंत्रेच पुन्हा वीज खातात. यांतली काही कारणे खरीही असतील. माझे भांडण कारणांशी नाही. ही कारणे प्रथम कोणी मांडली, त्यासोबत कोणते आकडे दिले, आणि त्या आकड्यांची तपासणी कोणी केली, हे वीजकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला सहजासहजी समजत नाही. निकाल त्याच्या हातात पडतो. युक्तिवाद ऐकायला त्याला कोणी बोलावत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्याच्या पोटापाण्याचे आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात. जून २०१९ मध्ये नीती आयोगाने असा प्रस्ताव मांडला की तीनचाकी वाहने २०२३ पासून आणि १५० सीसीपर्यंतच्या दुचाक्या २०२५ पासून केवळ विजेवर चालणाऱ्या असाव्यात. आकुर्डीच्या बजाज ऑटोने आणि दक्षिणेतील टीव्हीएसने त्याला विरोध केला. तो उघड केला, वर्तमानपत्रांतून केला, स्वतःच्या नावाने केला. त्यांचे म्हणणे कोणाला पटो वा न पटो, त्यावर दुसऱ्या बाजूला उत्तर देता आले, कामगारांना चर्चा करता आली. रदबदली अशी असावी.

तिसरे उदाहरण इतके सरळ नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींचा मिळून सरासरी धूर किती असावा, याचा एक नियम आहे. २०१७-१८ पासून ही मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडच्या आसपास होती. २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमच्या आसपास आली. यात एक खोच आहे. कंपनीच्या मोटारींचे सरासरी वजन जास्त असेल, तर तिची मर्यादाही थोडी सैल होते. त्यामुळे पुढच्या टप्प्याची, म्हणजे एप्रिल २०२७ नंतरची, चर्चा सुरू झाली तेव्हा कारखानदारांतच फूट पडली. हलक्या गाड्या विकणारे म्हणाले, आमच्यावर अन्याय होतो. बाकीचे म्हणाले, हलक्या गाड्यांना सवलत म्हणजे एकाच कंपनीचा फायदा. सप्टेंबर २०२५ च्या सरकारी मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली गेली आणि भांडण चव्हाट्यावर आले. सावकारांचे आपसांत भांडण झाले की गावाला खतावणी वाचायला मिळते, तसे हे झाले! पण नागरिकाने माहितीसाठी कंपन्यांच्या भांडणाची वाट पाहत बसावे काय?

या सगळ्या अर्जांत एक शब्द हमखास असतो: रोजगार. नियम कडक झाला तर इतक्या हजार कामगारांच्या पोटावर पाय येईल, असे सांगितले जाते. ती भीती सर्वस्वी खोटी नाही. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, क्लच नाही. आणि हेच भाग करणाऱ्या लहान कारखान्यांत आमची हजारो मुले काम करतात. मग ज्याच्या नावाने अर्ज केला, त्याला तो अर्ज दाखवायला काय हरकत आहे? एका कारखान्यात कराराची बोलणी चालू असता व्यवस्थापनाने आम्हाला सांगितले, की नव्या नियमांमुळे कारखाना धोक्यात आहे आणि सरकारला तसे कळवलेही आहे. आम्ही म्हणालो, पत्र दाखवा. उत्तर आले, पत्र आमचे नाही, संघटनेचे आहे. संघटना म्हणजे कारखानदारांची. तिच्याकडे विचारणा केली तर उत्तर मिळाले की आमचा पत्रव्यवहार सभासदांपुरता आहे. कामगाराचे नाव त्या पत्रात होते, परंतु कामगार काही सभासद नव्हता!

ही संघटनांची आड हाच या विषयाचा गाभा आहे. कंपनी आपल्या वार्षिक अहवालात हिरव्या पानांवर वचन देते की अमुक सालापर्यंत आम्ही धूर शून्यावर आणू. त्याच वेळी ज्या संघटनेला ती वर्गणी देते, ती संघटना नियम पुढे ढकलण्यासाठी खटपट करते. दोन तोंडे दोन दिशांना बोलतात, आणि दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून होतो.

हे जगभर घडले आहे. अमेरिकेत १९८९ साली ग्लोबल क्लायमेट कोएलिशन नावाची संघटना निघाली. तेल, कोळसा आणि मोटारींच्या मोठमोठ्या कंपन्या तिच्यात होत्या. हवामानबदलाचे शास्त्र अजून अनिश्चित आहे, असा प्रचार तिने वर्षानुवर्षे केला. पण १९९५ साली तिच्याच शास्त्रज्ञ सल्लागारांनी अंतर्गत मसुद्यात लिहिले होते की वायूंमुळे पृथ्वी तापण्याचे मूळ शास्त्र पक्के असून ते नाकारता येणार नाही. हा कागद जगापुढे आला २००९ साली, आणि तोही मोटार उद्योगानेच लावलेल्या एका दाव्यातील कागदपत्रांतून. मधली चौदा वर्षे गेली ती गेलीच. लोकांचा रोष वाढला तसे एकेक सभासद बाहेर पडले. फोर्ड १९९९ च्या डिसेंबरात, जनरल मोटर्स २००० च्या मार्चात. २००२ मध्ये संघटनाच विसर्जित झाली. याच जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली आपल्या मावळात तळेगावला सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. इतकेच म्हणतो, की मावळातल्या कामगाराच्या भाकरीचा निर्णय जेथे होतो, तेथे काय बोलले जाते हे त्याला ठाऊक असण्याची कोणतीही सोय नसते.

इतर देशांनी काही उपाय केले आहेत. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने रदबदली करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, आणि विषय व खर्च जाहीर करावा लागतो. युरोपीय संघाने २०११ पासून अशी नोंदवही ठेवली आहे. तिचा उपयोग आपल्यालाही झाला. वॉलमार्ट कंपनीने भारतातील गुंतवणुकीचा विषय धरून अमेरिकेत रदबदलीवर खर्च केल्याचे २०१२ साली तेथील नोंदवहीतून कळले. आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि २०१३ त सरकारने निवृत्त न्यायमूर्तींकडे चौकशी सोपवली. विषय भारताचा, आणि माहिती मिळाली वॉशिंग्टनच्या वहीतून! आपल्याकडे अशी वही ठेवण्यास भाग पाडणारा कायदा झालेला नाही.

पण आपले हात अगदीच रिकामे नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की महत्त्वाचे धोरण आखताना सरकारने संबंधित सर्व वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करावी. कोणी अर्ज करण्याचीही गरज नाही. केंद्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी असेही ठरवले, की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. कागदावर हे उत्तम आहे.

कागद आणि व्यवहार यांतले अंतर किती, हे पश्चिम घाटाच्या अहवालाने दाखवले. प्रा. माधव गाडगीळ यांच्या समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला. मंत्रालयाने तो दडवून ठेवला. एका नागरिकाने माहिती मागितली. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल देण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे हरले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल बाहेर आला. या नऊ महिन्यांत काय झाले? ज्यांचे मंत्रालयात येणेजाणे होते, त्यांना अहवालाचा सुगावा होता. शेतकऱ्यांपर्यंत पोचल्या त्या अफवा: गुरे चारायला बंदी, घर बांधायला बंदी, शेती बंद. अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा, असे गाडगीळ पुन्हा पुन्हा सांगत राहिले. गुप्ततेचा लाभ नेहमी बलवानाला होतो, आणि तिची शिक्षा दुबळ्याला होते. पुढे कस्तुरीरंगन समिती आली. २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत गेले, आणि ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता.

आता कंपन्यांकडून काय मागता येते ते पाहू. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने मे २०२१ मध्ये ठरवले, की बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांनी जबाबदार व्यवसायाचा आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा. २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. त्यात नऊ तत्त्वे आहेत. सातवे तत्त्व आपल्या विषयाचे आहे: सरकारी धोरणावर प्रभाव पाडताना कंपनीने ते जबाबदारीने आणि पारदर्शकपणे करावे. त्याखाली, कंपनी कोणत्या उद्योगसंघटनांची सभासद आहे, हे सांगणे सक्तीचे आहे. परंतु कोणत्या धोरणावर काय भूमिका घेतली, ती कोणत्या मार्गाने मांडली, आणि संचालक मंडळाने तिचा आढावा कधी घेतला, ही माहिती ऐच्छिक ठेवली आहे. म्हणजे कोणाच्या घरी जेवायला जातो ते सांगायचे. तेथे काय बोलणे झाले ते वाटले तर सांगायचे! शिवाय बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांना हा नियमच नाही, आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक परदेशी कंपन्या तशाच आहेत.

पैशाचा मार्गही याला जोडून येतो. पूर्वी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येई, आणि ती कोणत्या पक्षाला दिली ते हिशेबात दाखवावे लागे. २०१७ साली ही दोन्ही बंधने काढली गेली आणि २०१८ त निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना आणि कंपनी कायद्यातील तो बदल, दोन्ही घटनाबाह्य ठरवले. मतदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. हाच हक्क देणगीकडून निवेदनापर्यंत का पोचू नये?

येथे कोणी म्हणेल, कंपन्यांवर एवढा जाच कशाला? मी आमच्या संघटनांचे उदाहरण देतो. १९२६ च्या कायद्यापासून कामगार संघटनेला दरवर्षी तपासलेले हिशेब निबंधकाकडे द्यावे लागतात. राजकीय कामासाठी पैसा हवा तर वेगळा निधी ठेवावा लागतो, आणि त्याची वर्गणी कोणत्याही सभासदावर लादता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली, तिनेही वेगळ्या निधीची ही अट ठेवली आहे. चहाच्या टपरीमागे कचेरी थाटणाऱ्या संघटनेला जे शंभर वर्षे जमते, ते काचेच्या इमारतीत बसणाऱ्या कंपनीला जड का जावे?

आणि ते जमते, याला पुरावा आहे. बीएचपी या खाण कंपनीने २०१७ साली आपण ज्या संघटनांचे सभासद आहोत, त्यांची हवामानाविषयीची मते आपल्या मतांशी ताडून पाहिली आणि तो आढावा छापला. पुढच्या वर्षी ती जागतिक कोळसा संघटनेतून बाहेर पडली. कोळशाच्या खाणी असलेल्या कंपनीने हे केले, आणि तिला यासाठी भाग पाडण्यात तिच्या भागधारकांचा वाटा होता.

भागधारक म्हटले की आपल्याला कोणी तरी शेठ आठवतात. पण ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग शेअर बाजारात गुंतवला जातो; आरंभी नव्या रकमेच्या ५ टक्के, पुढे १५ टक्के. आयुर्विमा महामंडळही अनेक मोठ्या कंपन्यांत भागधारक आहे. तेव्हा या सभागृहात ज्याचा पी.एफ. कापला जातो किंवा ज्याची पॉलिसी आहे, तो प्रत्येकजण त्या मालकीत पै-पैशाचा वाटेकरी आहे. प्रश्न विचारणे हा त्याच्या बाजूने आगाऊपणा नव्हे.

मग विचारायचे काय? माझ्या मते पाच प्रश्न पुरेत. कंपनी कोणकोणत्या संघटनांना किती वर्गणी देते? हवामानाच्या कोणत्या नियमावर तिने कोणाकडे काय म्हणणे मांडले? ते म्हणणे तिच्या अहवालातील वचनाशी जुळते काय? संघटनेचे मत वेगळे असेल तर कंपनी काय करते? आणि या सर्वांना संचालक मंडळातील कोण उत्तरदायी आहे? ज्यांच्याकडे दोन-चार शेअर असतील त्यांनी वार्षिक सभेत हे विचारावे. पुष्कळ सभा आता घरबसल्या फोनवरून ऐकता येतात. कामगार संघटनांनी ते कराराच्या मागण्यांत घालावेत. सरकारला विचारायचा प्रश्न एकच आहे: मसुद्यावर कोणाकोणाच्या सूचना आल्या, त्या अक्षरशः प्रसिद्ध करा, आमच्याही आणि त्यांच्याही.

पश्चिम घाटाच्या मसुद्यावर हरकती देण्यास साठ दिवसांची मुदत असते. त्या साठ दिवसांत मोठ्या उद्योगांचे वकील दिल्लीत असतात, हे मी गृहीत धरतो. ते त्यांचे काम आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या किती नागरिकांनी आजवर एक पोस्टकार्डभर सूचना पाठवली, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा येथील वाचनालयात त्याचे मराठीत जाहीर वाचन व्हावे, ज्यांना तो पटतो त्यांनी आणि ज्यांना पटत नाही त्यांनीही तेथेच आपले म्हणणे लिहावे, आणि ते सगळे कागद एकत्र पाठवून त्यांची एक प्रत वाचनालयात सर्वांसाठी ठेवावी. याला कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. ज्या पारदर्शकतेची मागणी आपण कंपन्यांकडे करणार आहोत, तिचा पहिला पाठ आपण स्वतःच्या गावात गिरवू शकतो.